यंत्राचें झांकण कोणीं उघडावें?



आजच्या विषयाला मी एका खोडरबरापासून आरंभ करतों. खोडरबर ही आम्हां शाळामास्तरांची नित्याची वस्तु. तीस-पस्तीस वर्षें ती माझ्या टेबलावर पडून होती. परंतु तिचा खरा पराक्रम मला २००९ सालच्या पावसाळ्यांत कळला. आमच्या घरचा संगणक एका सकाळीं मुका झाला. दिवा लागे, पंखा फिरे, पण पडद्यावर कांहीं उमटेना. आंतून मात्र मधून मधून एक लांब शिट्टी ऐकूं येई. एका दुकानांतून माणूस आला. त्यानें झांकण न उघडतांच 'मदरबोर्ड गेला' असा निकाल दिला, यंत्र उचलून नेलें, आणि आठ दिवसांनीं पांच हजारांचा आंकडा सांगितला. माझी छाती होईना. यंत्र मीं तसेंच परत आणलें.

आमच्या आळींतील एक माजी विद्यार्थी तेव्हां तंत्रनिकेतनांत शिकत असे. त्याला सहज बोलावलें. त्यानें माझ्या डोळ्यांदेखत स्क्रू काढले, आंतील स्मृतीची पट्टी, जिला रॅम म्हणतात, ती उपसून हातांत घेतली आणि विचारलें, "सर, खोडरबर आहे का?" पट्टीच्या कडेला सोनेरी दांत असतात. ते त्यानें चार वेळां हलक्या हातानें घासले, स्वच्छ फडक्यानें पुसले, आणि पट्टी जागच्या जागीं दाबून बसविली. या वेळीं शिट्टी एकदांच आणि आंखूड वाजली, व पडदा उजळला. पावसाळी हवेनें त्या दांतांवर मळाचा पापुद्रा धरला होता, एवढेंच काय तें दुखणें!

पहिल्या माणसाला हें ठाऊक नव्हतें, कीं ठाऊक असून त्यानें सांगितलें नाहीं? याचा विचार करतां करतां मला वाटलें कीं, दोष त्या एका माणसाचाच नसावा. मीं झांकणाच्या आंत कधीं डोकावलेंच नव्हतें, म्हणून तो सांगेल तें मला प्रमाण होतें. पुढें सवड मिळाल्यावर संगणकाच्या दुरुस्तीचा इतिहास मीं जमेल तसा वाचला. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक, इंजिनियर नव्हें. तेव्हां एका गिऱ्हाइकाच्या नजरेनें जें दिसलें, तें सांगतों.

आपल्या लहानपणीं दारावर कल्हईवाला येई. तो अंगणांत खड्डा खणून भाता लावी, नवसागराचा धूर निघे, आणि कथील सर्व भांड्यावर सारखें फिरलें कीं नाहीं हें आई ओसरीवरून पाहत असे. त्या कल्हईवाल्याला कोणी प्रमाणपत्र विचारलें नाहीं. काम उघड्यावर होई आणि पाहणारीला तें समजे, हेंच त्याचें प्रमाणपत्र. संगणकाच्या बाबतींत ही ओसरी कधीं होती व कधीं नाहींशी झाली, असा हा सर्व प्रश्न आहे.

१९४६ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत, एनियाक नांवाचें यंत्र लोकांस दाखविण्यांत आलें. वजन सुमारें तीस टन. आणि पोटांत सुमारें अठरा हजार व्हॅक्यूम नळ्या. जुन्या रेडिओंत ज्या तांबूस उजळत, त्याच जातीच्या. एक नळी गेली तरी उत्तर चुकणार. एवढ्या नळ्यांचें यंत्र क्षणभरही टिकणार नाहीं, असें जाणत्यांनींही भाकीत केलें होतें. एकर्ट या त्याच्या मुख्य इंजिनियरानें नळ्यांना त्यांच्या शक्तीपेक्षां कमी काम देण्याची युक्ति योजिली. नळ्या बहुधा तापतांना व निवतांना जातात हें कळल्यावर यंत्र सहसा बंद करीत नसत. पण मला विशेष कौतुक वाटतें तें त्यावर गणितें मांडणाऱ्या सहा तरुणींचें. जीन बार्टिक या त्यांपैकीं एक. त्यांना कोणी पुस्तक दिलें नाहीं. यंत्राच्या जोडणीच्या आकृत्या हातीं दिल्या आणि समजून घ्या म्हणून सांगितलें. त्यांनीं तें इतकें समजून घेतलें कीं, बिघाड झाला तर तो कोणत्या नळीच्या आसपास आहे हें त्या सांगूं शकत. वापरणारा आणि दुरुस्ती जाणणारा हे तेव्हां दोन निराळे वर्ग झालेले नव्हते.

दुसऱ्याच वर्षीं, १९४७ च्या ९ सप्टेंबरला, हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-दोन या यंत्राच्या एका रिलेंत अडकलेला पतंग सांपडला. कामावरच्या मंडळींनीं तो चिकटपट्टीनें नोंदवहींत चिकटवून ठेवला. ती वही अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयांत अद्याप आहे. संगणकांतील चुकीला 'बग' म्हणजे किडा म्हणण्याची चाल यावरूनच पडली असें पुष्कळ लोक सांगतात. तें बरोबर नाहीं. तो शब्द एडिसनच्या काळींही चालत होता. नोंदवहींतील तो पतंग ही त्या मंडळींची थट्टा होती. परंतु बिघाड सांपडल्यावर तो तारीखवार लिहून ठेवण्याची शिस्त मात्र थट्टेची नव्हे. आपल्यापैकीं किती जणांच्या घरीं संगणकाची अशी वही आहे?

पुढें हीं यंत्रें व्यापाऱ्यांच्या कचेऱ्यांत गेलीं, आणि झांकण प्रथमच बंद झालें. आयबीएम ही या धंद्यांतील सर्वांत बलाढ्य कंपनी. ती आपलीं यंत्रें विकीत नसे, भाड्यानें देई. भाडेकरूनें भिंतीला खिळा मारावयाचा नाहीं, तसा हा प्रकार. यंत्र बिघडलें कीं कंपनीचा माणूस यावयाचा, तो करील ती दुरुस्ती, तो म्हणेल तें खरें. अमेरिकन सरकारनें कंपनीवर खटला भरला आणि १९५६ च्या जानेवारींत तडजोडीचा हुकूमनामा झाला. त्यान्वयें कंपनीला यंत्रें विकण्याची तयारी ठेवावी लागली. शिवाय सुटे भाग बाहेर विकणें, आणि बाहेरच्या दुरुस्तीवाल्यांना शिकविणें हींही बंधनें तिच्यावर आलीं. बिघडलेलें यंत्र मालकानें कोणाकडेही न्यावें, या हक्काचा विचार आजकालचा नाहीं. त्याला आतां सत्तर वर्षें होत आलीं.

आपल्या देशांतही हें नाटक झालें, आणि त्याचा शेवट निराळा झाला. आयबीएम कंपनी येथें जुनीं, इतर देशांत वापरून झालेलीं यंत्रें पुन्हां घडवून भाड्यानें देत असे, आणि त्यावर आपल्याकडे टीकाही झाली. १९७३ च्या परकी चलन कायद्यान्वयें परदेशी भागीदारी चाळीस टक्क्यांवर आणण्याचा आग्रह सरकारनें धरला. कंपनीनें तें मानलें नाहीं, आणि १९७८ मध्यें ती भारत सोडून गेली. बनविणारा गेला, यंत्रें मात्र कचेऱ्यांतून, कारखान्यांतून, विद्यापीठांतून तशींच उभीं राहिलीं. आतां त्यांना औषधपाणी कोणीं करावयाचें? त्यासाठीं कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन ही सरकारी संस्था पुढें आली. १९७५ च्या अखेरीस ती स्थापन झालेली होती. नांवांतच 'देखभाल' हा शब्द असलेली अशी दुसरी सरकारी कंपनी मला आठवत नाहीं. तिच्या इंजिनियरांनीं गांवोगांवचीं तीं यंत्रें चालतीं ठेविलीं. पुढें इतर कंपन्यांच्या यंत्रांचीही निगा त्यांनीं पत्करली. २००१ मध्यें ती संस्था टाटांकडे गेली आणि २०१५ मध्यें टाटा कन्सल्टन्सींत विलीन झाली. परक्याच्या यंत्राचें झांकण आपण उघडूं शकतों, हा आत्मविश्वास ज्यांनीं या देशाला दिला, त्यांचीं नांवें मात्र कोणाला ठाऊक नाहींत.

हा सर्व मोठ्या यंत्रांचा इतिहास झाला. घरचा संगणक जन्माला आला तोच मुळीं सुट्या भागांच्या रूपानें. १९७५ च्या जानेवारींत अमेरिकेंतील एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० हें यंत्र झळकलें. किंमत सुमारें चारशें डॉलर. त्याबद्दल टपालानें सुटे भाग यावयाचे, आणि ते आपण घरीं सोल्डर करून जोडावयाचे. पडदा नाहीं, अक्षरांची कळपाटी नाहीं. समोर बटणें आणि लुकलुकणारे दिवे. ज्यानें तें यंत्र स्वतः जोडलें, त्याला दुरुस्तीसाठीं दुसऱ्याचें तोंड पाहण्याचें कारणच उरत नसे. त्याच वर्षीं ५ मार्च रोजीं कॅलिफोर्नियांतील मेन्लो पार्क येथें एका गॅरेजमध्यें अशा हौशी लोकांची पहिली सभा भरली. तिलाच पुढें होमब्र्यू कॉम्प्युटर क्लब हें नांव पडलें. या मंडळींत एकानें चूक शोधावी, दुसऱ्यानें उपाय सांगावा, तिसऱ्यानें सुटा भाग आणून द्यावा, असें चाले. अल्टेअरच्या कंपनीच्या स्मृतीच्या पट्ट्या सदोष निघाल्या, तेव्हां याच मंडळींतील एकानें चांगल्या पट्ट्या बनवून विकल्या. ज्याला विचारावयाचें, तो तुमच्याइतकाच त्या दुखण्यांतून गेलेला असे. म्हणून विश्वासाचा प्रश्नच येत नसे.

याच वातावरणांत १९७७ मध्यें ॲपल-दोन हें यंत्र निघालें. त्याचें झांकण हातानें उचलतां येई, स्क्रूही काढावा लागत नसे. आणि पुढल्या वर्षीं निघालेल्या त्याच्या माहितीपुस्तकांत विद्युत्‌मंडलाच्या आकृत्या छापलेल्या होत्या. आयबीएमनें १९८१ च्या ऑगस्टमध्यें घरगुती संगणक काढला, तेव्हां तिनेंही तांत्रिक माहितीचें जाडें पुस्तक विक्रीस ठेविलें. ज्या कंपनीवर एके काळीं सरकारला हुकूमनामा लादावा लागला, तिनें आपण होऊन पुस्तक विकलें, हें काळाचें आश्चर्यच म्हणावयाचें. या संगणकानें सुरू होतांच स्वतःची नाडी पाहावी आणि सर्व ठीक असल्यास एक आंखूड शिट्टी द्यावी, अशी योजना होती. माझ्या घरीं २००९ मध्यें वाजली ती याच शिट्टीची वंशज.

आणि ज्या ॲपलनें झांकण उचलावयास दिलें होतें, तिनेंच १९८४ मध्यें मॅकिंटॉश बंद पेटींत घालून विकला. त्याचे स्क्रू उघडण्यास लांब दांड्याचा खास पेचकस लागे. पेटींतील पडद्याच्या नळीवर वीज बंद केल्यावरही घातक दाब राहतो, हें त्याचें एक खरें कारण. तें मी नाकारीत नाहीं. पण त्या पेटीच्या आंतल्या बाजूस ती घडविणाऱ्यांच्या सह्या कोरलेल्या होत्या! ज्या जागीं मालकानें पाहूं नये, तेथें कारागिरांनीं सही करावी, हें मला चमत्कारिक वाटतें.

आपल्याकडे १९८४-८५ च्या सुमारास सरकारनें शाळांतून संगणक-शिक्षणाची योजना काढली. इंग्लंडहून बीबीसी मायक्रो नांवाचीं यंत्रें आलीं. मीं पाहिलेलें असें एक यंत्र कुलुपाच्या खोलींत, प्लॅस्टिकच्या आवरणाखालीं असे. बिघडेल या भीतीनें त्याला कोणी हात लावीत नसे, आणि अखेर तें हात न लावल्यानेंच बिघडलें.

खरी शाळा निराळ्याच ठिकाणीं भरली. १९८४ च्या नोव्हेंबरांत नवें संगणक-धोरण जाहीर होऊन परदेशी सुट्या भागांची वाट मोकळी झाली, आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचें नेहरू प्लेस हे बाजार फुलले. लॅमिंग्टन रोडला कागदोपत्रीं डॉ. भडकमकर मार्ग म्हणतात, पण रेडिओचे भाग विकत घेणाऱ्यांच्या काळापासून तोंडीं तेंच जुनें नांव आहे. येथें गिऱ्हाईक काउंटरसमोर उभें राही आणि पोरसवदा कारागीर त्याच्यासमोर बोर्ड, डिस्क, पंखा, पेटी जोडून संगणक उभा करी. बिघाड ओळखण्याची त्यांची रीति साधी: शंका असलेला भाग काढावा, चालता भाग लावून पाहावा. या बाजारांत लबाडी नव्हती असें नव्हे. जुना भाग नवा म्हणून गळ्यांत मारणारे होते, चोरट्या सॉफ्टवेअरचाही तेथें सुकाळ होता. पण पाहणाऱ्याला पाहतां येई. बदललेला जुना भाग आपल्या हातांत परत मागण्याची तेथल्या जाणत्या गिऱ्हाइकांची जी चाल होती, ती मला कोणत्याही हमीपत्रापेक्षां मोलाची वाटते. ज्याला खरोखर भाग बदलावा लागला आहे, तो जुना भाग देण्यास कां कूं करीत नाहीं.

त्या जुन्या भागावरून पुष्कळ कळेही. १९९९ ते २००७ च्या दरम्यान जगभर लक्षावधि संगणक अकालीं बंद पडले. बोर्डावरील कपॅसिटर नांवाच्या लहान नळकांड्यांतील द्राव सदोष होता. त्यांचीं टोपणें फुगत आणि तांबूस ओघळ बाहेर येई. हें कळावयास पदवी लागत नसे. डोळे असले म्हणजे पुरे. तीच गोष्ट धुळीची. पंख्याच्या जाळींत धुळीची गादी बसली कीं यंत्र तापतें, मंद होतें आणि आपोआप बंद पडतें. घरांतील निम्मीं दुखणीं याच जातीचीं, असा माझा अनुभव आहे. तारीख दर सकाळीं मागें जाऊं लागली तर आंतला रुपयाएवढा सेल संपला असें समजावें. मात्र एक दुखणें असें आहे कीं तें झाल्यावर उपाय चालत नाहीं. डिस्क गेली म्हणजे तिच्यावरचे कागद, हिशेब, छायाचित्रें गेलीं. त्यांची नक्कल निराळ्या डिस्कवर काढून ती यंत्रापासून अलग ठेवणें, हें काम दुरुस्तीवाल्याला बोलावण्यापूर्वीं करावयाचें असतें, नंतर नव्हे.

येथवर बिघाड यंत्राचा होता. १९८६ मध्यें नव्या तऱ्हेचा बिघाड आला. लाहोरच्या अल्वी नांवाच्या दोघां भावांनीं 'ब्रेन' हा फ्लॉपीवरून पसरणारा व्हायरस लिहिला, आणि त्यांत आपलें नांव, पत्ता, टेलिफोन नंबर घालून लस हवी असल्यास संपर्क साधा असें कळविलें! आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरट्या नकला थांबाव्या हा हेतु होता, असें त्यांचें म्हणणें. व्हायरस समुद्रापार गेला, आणि लाहोरच्या दुकानांत परदेशांतून फोन खणखणूं लागले. दुखणें देणारा आणि औषध देणारा एकाच पत्त्यावर, हा प्रसंग त्या वेळीं हंसण्यावारी गेला असेल; पुढें तो हंसण्याजोगा राहिला नाहीं.

दरम्यान कायद्यानेंही एक विचित्र वळण घेतलें. कॅलिफोर्नियांत एमएआय या कंपनीचा एक कर्मचारी पीक कॉम्प्युटर नांवाच्या लहान दुरुस्ती-कंपनींत गेला, आणि कांहीं गिऱ्हाइकें त्याच्या मागोमाग तिकडे गेलीं. लोक कंपनीवर नव्हे, माणसावर विश्वास ठेवतात, याचें हें उघड उदाहरण. एमएआयनें फिर्याद केली, आणि १९९३ मध्यें न्यायालयानें निवाडा दिला कीं, संगणक नुसता सुरू केला तरी सॉफ्टवेअरची नक्कल स्मृतींत उतरते, ती नक्कल करण्याचा परवाना गिऱ्हाइकाला आहे, बाहेरच्या दुरुस्तीवाल्याला नाहीं. म्हणजे आजाऱ्याची नाडी पाहिली हाच वैद्याचा गुन्हा! अमेरिकेच्या काँग्रेसनें १९९८ मध्यें कायद्यांत सुधारणा करून दुरुस्तीपुरती ही अडचण दूर केली. पण मधलीं पांच वर्षें ही तलवार दुरुस्तीवाल्यांच्या डोक्यावर टांगलेली राहिली.

आतां जें सांगावयाचें तें सांगतांना संकोच होतो. २००८ च्या सुमारापासून इंग्लंड-अमेरिकेंतील घरांत फोन येऊं लागले: 'आम्ही मोठ्या सॉफ्टवेअर कंपनींतून बोलतों, तुमच्या संगणकांत व्हायरस शिरला आहे.' मग त्या माणसाकडून संगणकाची नोंदवही उघडवून त्यांतील तांबड्या खुणा दाखवीत. अशा खुणा प्रत्येक निरोगी संगणकांतही असतात. पण ज्यानें ती वही कधीं पाहिली नाहीं, तो घाबरतो. मग दुरून यंत्राचा ताबा घ्यावयाचा आणि पैसे उकळावयाचे. २०१२ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेच्या व्यापार आयोगानें अशा टोळ्यांवर कारवाई केली, तेव्हां त्यांतील बहुतेक आपल्या भारतांतून चालत होत्या असें उघड झालें. २०१८ मध्यें दिल्लीच्या आसपास पोलिसांनीं छापेही घातले. ज्या देशानें परक्यानें टाकून दिलेलीं यंत्रें स्वतःच्या बुद्धीनें चालतीं ठेविलीं, त्याच देशांतील मुलें दुरुस्तीच्या नांवानें म्हाताऱ्यांना लुबाडूं लागलीं.

आणि ही आग आपल्याही घरापर्यंत आली. माझे एक जुने सहकारी, गणिताचे उत्तम शिक्षक. त्यांच्या पडद्यावर एके दिवशीं भोंगा वाजत एक फोन नंबर आला. त्यांनीं तो फिरविला. पलीकडचा मुलगा गोड मराठींत 'काका, घाबरूं नका' म्हणाला, एक प्रोग्रॅम उतरवून घ्यावयास सांगितला, आणि तासाभरांत निवृत्तीच्या रकमेंतील मोठा हिस्सा नाहींसा झाला. त्यांनीं महिनाभर मुलालाही सांगितलें नाहीं. "पैशाचें दुःख आहेच, पण मी त्याला तीनदां धन्यवाद दिले हो," असें ते मला म्हणाले. फसवणुकीची तक्रार नोंदविण्यासाठीं १९३० हा सरकारी क्रमांक आहे. तेथें पहिल्या तासांत कळविलें तर रक्कम अडविण्याची कांहीं आशा असते. लाजेनें त्यांचा तो तास गेला, आणि महिनाही गेला.

अलीकडे झांकण उघडण्याच्या हक्काची चळवळ पुन्हां जोर धरीत आहे. न्यूयॉर्क राज्यानें २०२२ च्या अखेरीस तसा कायदा केला, युरोपीय संघानें २०२४ मध्यें. आपल्या सरकारनेंही २४ डिसेंबर २०२२ रोजीं, राष्ट्रीय ग्राहकदिनीं, निरनिराळ्या वस्तूंच्या दुरुस्तीची माहिती एकत्र मिळावी म्हणून सोय सुरू केली. हॉलंडमध्यें ॲमस्टरडॅम येथें २००९ साली 'रिपेअर कॅफे' निघालें. शेजारच्या लोकांनीं बिघडलेली वस्तु घेऊन यावें, जाणत्यानें ती त्यांच्या देखत उघडावी, आणि दोघांनीं मिळून दुरुस्त करावी. मला यांत कल्हईवाला पुन्हां अंगणांत आलेला दिसतो.

खोडरबर मागणारा तो मुलगा आतां पुण्यास एका कारखान्यांत अधिकारी आहे. गेल्या दिवाळींत भेटावयास आला, तेव्हां मीं माझा नवा लॅपटॉप त्याच्यापुढें ठेविला. तो फार तापतो अशी तक्रार होती. त्यानें संवयीनें वर्तमानपत्र अंथरलें, तळाचे स्क्रू काढून ओळीनें मांडले आणि मला जवळ बोलावून आंतील रॅम दाखविली. ती पट्टी नव्हतीच; बोर्डावरच सोल्डरनें कायमची जोडलेली होती. "सर, हिला खोडरबर चालणार नाहीं," तो म्हणाला. पंख्यांतील धूळ मात्र त्यानें मऊ कुंचल्यानें पुष्कळ काढली, आणि झांकण लावण्यापूर्वीं सगळे स्क्रू मला मोजावयास लावले.